आडतीवरचं युनिक्स

जुन्नर-आंबेगावात ‘ट्रेडर’ या शब्दाला आता दोन अर्थ आहेत. पहिला दुकानाच्या पाटीवरचा: अमुक-तमुक ट्रेडर्स, कांदा-टोमॅटोचे आडतदार, नारायणगाव किंवा आळेफाटा. दुसरा अलीकडे रुजलेला: ओतूरच्या किंवा मंचरच्या एखाद्या खोलीत सव्वानऊच्या आत चहा संपवून दोन पडद्यांसमोर बसणारा आणि निफ्टीचे ऑप्शन घेणारा-विकणारा पंचविशीतला मुलगा. काही घरांत तर दोन्ही अर्थ एकाच छपराखाली नांदतात. बाप गाळ्यावर, पोरगा टर्मिनलवर.

दोघांनाही संगणक लागतो, आणि दोघांच्याही संगणकावर बहुधा विंडोज असतं. त्यातल्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी रामराम ठोकला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. गाळ्यावर धूळ आणि कांद्याची टरफलं खात दहा वर्षं इमाने-इतबारे चाललेलं यंत्र या परीक्षेत नापास होतं. ते भंगारात घालायचं, की त्यावर युनिक्सच्या कुळातलं काही चढवायचं? आणि चढवायचं तर काय? डेबियन, उबुंटू, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, की सरळ नवा मॅक?

व्यापाऱ्यांसाठी कोणती प्रणाली चांगली, असं विचारलं की उत्तरं बहुतेक वेळा वेगाच्या भाषेत येतात. कुठलं कर्नल किती मायक्रोसेकंदांत जागं होतं, नेटवर्कचं पुडकं किती लवकर हातात पडतं, वगैरे. मुंबईत एक्स्चेंजच्या आवारात यंत्र ठेवणाऱ्या दलाली कंपनीला ही भाषा शोभते. नारायणगावच्या आडतीवर विचारायचा प्रश्न वेगळा आहे: लाईट गेली आणि पुन्हा आली, तर वही कुठून उघडेल, आणि नाही उघडली तर ती उघडून द्यायला कोण येईल?

त्याआधी एक गंमत. हा व्यापारी युनिक्सवर ‘जाणार’ आहे असं म्हणणंच खरं नाही. तो कधीचाच तिथे आहे. खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्या कर्नलवर चालतो. सकाळचा भाव ज्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, त्याचे सर्व्हर सुरुवातीची काही वर्षं फ्रीबीएसडीवर होते. २०१२ साली त्या कंपनीने एकाच यंत्रावर एका वेळी वीस लाखांहून जास्त जोडण्या तोलून दाखवल्या होत्या. आणि नारायणगावपासून थोड्याच अंतरावर, खोडद आणि परिसरात, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे कान लावून बसल्या आहेत. त्यांच्याकडून येणारा प्रचंड डेटा जुळवायला पूर्वी खास बनवलेली यंत्रणा होती. २०१० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी बाजारात मिळणारे साधे संगणक एकमेकांना जोडून, त्यावर लिनक्स घालून तेच काम करून घेतलं. जुन्नर तालुक्याला तसंही या गोष्टींचं वावडं नाही. परदेशी फोन उपग्रहामार्गे जोडणारं आर्वीचं विक्रम केंद्र १९७१ साली सुरू झालं. युनिक्सचं पहिलं छापील मॅन्युअलही त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातलं.

म्हणजे आकाश लिनक्सवर, खिसा लिनक्सवर, आणि मध्ये गाळ्यावरचं टेबल तेवढं विंडोजवर.

वेगाचा मुद्दा नुसता झटकून टाकण्यापेक्षा त्याचा हिशोबच मांडलेला बरा. जुन्नरहून मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या शेअर बाजाराकडे सरळ रेघ ओढली तर अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर भरतं. ती रेघ नाणेघाटापासून फार लांबून जात नाही. सातवाहनांच्या काळात याच घाटाने माल कोकणातल्या बंदरांकडे उतरायचा, घाटमाथ्यावर जकात घेतली जायची, आणि तिथल्या लेण्यातल्या नागनिकेच्या शिलालेखात ब्राह्मी अंकांचे भारतातले फार जुने नमुने कोरलेले आहेत. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे नाणेघाटाच्या वाटेने सरळ तार टाकली असती तर निफ्टीचा आदेश अर्ध्या मिलिसेकंदात पोचला असता. प्रत्यक्षात तार सरळ जात नाही; गावच्या ब्रॉडबँडवरून, दलालाच्या सर्व्हरमधून वळसे घेत जाताना दहा-वीस मिलिसेकंद सहज जातात, मोबाइलच्या नेटवर आणखी जास्त. लिनक्स आणि फ्रीबीएसडी यांच्यातला फरक मोजायचा तर मायक्रोसेकंदांत मोजावा लागतो. बैलगाडी आळेफाट्याला कोंडीत उभी असताना तिच्या चाकाला कोणतं वंगण घातलंय, यावर वाद घालण्यासारखं हे आहे.

खरोखर मायक्रोसेकंदांवर जगणाऱ्यांनी मात्र कौल केव्हाच दिला आहे, आणि तो लिनक्सच्या बाजूने आहे. काम ठरल्या वेळेत झालंच पाहिजे, अशी हमी देणारी ‘रिअल टाइम’ जोडणी वीस वर्षं लिनक्सच्या मुख्य घराबाहेर ओसरीवर बसली होती. २०२४ मध्ये ती आत आली. पण याच जगातली लंडनची कथा सगळ्यात बोलकी आहे. ८ सप्टेंबर २००८ रोजी, अमेरिकी सरकारने दोन बड्या गृहकर्ज कंपन्या ताब्यात घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, बाजार उसळत असताना लंडन स्टॉक एक्स्चेंज जवळपास सात तास बंद पडलं. त्याची यंत्रणा मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर बांधलेली होती. पुढच्या वर्षी एक्स्चेंजने श्रीलंकेची मिलेनियम आयटी ही कंपनीच विकत घेतली आणि १४ फेब्रुवारी २०११ रोजी मुख्य बाजार तिच्या लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रणेवर नेला. लिनक्सवाल्यांनी पेढे वाटले. अकरा दिवसांनी, २५ फेब्रुवारीला, नवी यंत्रणाही चार तासांहून जास्त बंद पडली. पेढ्यांचं पुढे काय झालं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आपल्याकडेही २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी अकरा-चाळीसला राष्ट्रीय शेअर बाजार थांबला तो दुपारी पावणेचारला उघडला, आणि त्या दिवशी व्यवहार पाचपर्यंत चालवावे लागले. कारण निघालं दूरसंचाराच्या जोडण्या आणि त्यामागोमाग कोसळलेली साठवणूक यंत्रणा. ऑपरेटिंग सिस्टिमचा त्यात संबंध नव्हता. मोठ्या बाजारात घोडं पेंड खातं ते बहुधा तारेपाशी आणि डिस्कपाशी. लहान बाजारातही तसंच.

तेव्हा डिस्ककडेच वळलेलं बरं. आडतीवर हंगामात काय होतं ते पाहण्यासारखं असतं. गाड्या लागलेल्या, वीस-वीस किलोच्या क्रेटची थप्पी, लिलाव पुढे सरकतोय आणि मागे टेबलावर पट्ट्या निघताहेत: शेतकऱ्याचं नाव, गाव, क्रेट, भाव, त्यातून हमाली, गाडीभाडं, मागची उचल. जुलै २०२३ मध्ये इथे क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. चाळीस क्रेटची एक ओळ म्हणजे ऐंशी हजार रुपये. अशी ओळ अर्धी लिहून झालेली असताना लाईट जाते.

तेव्हा संगणकाच्या पोटात काय घडतं, हे आडत्याला समजवायला नवे शब्द लागत नाहीत. जुनी माणसं आधी कीर्द लिहायची, मग तिच्यावरून खतावणी घालायची. खतावणी घालताना दिवा विझला तरी बिघडत नसे. कीर्द शाबूत असली की खतावणी पुन्हा घालता येते. लिनक्सवरची नेहमीची एक्स्ट-४ फाइल सिस्टिम हेच करते. कुठे काय बदलणार ते आधी कीर्दीत टिपते, मग खतावणीला हात लावते. लाईट आली की कीर्द वाचून काही क्षणांत जागेवर येते. अट एकच: नेहमीच्या मांडणीत या कीर्दीत फाइलींचा हिशोब असतो, फाइलींमधला मजकूर नसतो. त्यामुळे पट्टीचा प्रोग्राम ज्या डेटाबेसवर उभा आहे त्याने आपली वेगळी कीर्द ठेवलेली हवी. चांगले डेटाबेस ठेवतात. कुणा ओळखीच्या पोराने सुट्टीत लिहून दिलेला प्रोग्राम ठेवतोच असं नाही.

फ्रीबीएसडीवर २००८ पासून मिळणारी झेडएफएस आणखी कडक शिस्तीची. ती लिहिलेलं पान खोडतच नाही. नवं पान कोऱ्या जागी लिहिते, ते पुरं झाल्यावरच अनुक्रमणिका बदलते, आणि प्रत्येक पानाचा ताळा करून ठेवते. पुढे कधी पान वाचताना ताळा जुळला नाही, तर डिस्क खोटं बोलते आहे हे तिला कळतं. कालच्या संध्याकाळची अख्खी वही जशीच्या तशी गोठवून ठेवण्याची सोयही तिच्यात आहे. हिशोबाच्या कामाला याहून शहाणी व्यवस्था सापडणं कठीण. लिनक्सवरही झेडएफएस बसवता येते. पण परवान्याच्या भांडणामुळे ती मूळ कर्नलात नाही, बाहेरून जोडावी लागते.

ओपनबीएसडी हा या कुळातला सगळ्यात सोवळा सदस्य. सुरक्षेच्या बाबतीत त्याचा हात धरणारे थोडे. दूरच्या यंत्रात सुरक्षित शिरण्यासाठी जगभर वापरलं जाणारं ओपनएसएसएच १९९९ मध्ये याच घरात जन्मलं. पण याच्या फाइल सिस्टिमला कीर्द नाही. लाईट आल्यावर ती खतावणी पहिल्या पानापासून तपासत बसते, आणि कधी कधी मध्येच थांबून माणसाला विचारते की हे पान ठेवू का फाडू. समोर गाड्या उभ्या आणि पडद्यावर इंग्रजीत हा प्रश्न! लाईटच्या भरवशाच्या गावात ओपनबीएसडी शोभतं. इथे त्याला दाराशी राखणीला, म्हणजे इंटरनेटच्या राउटरवर बसवावं, गल्ल्यावर नाही.

मॅकची गोष्ट मजेशीर आहे. युनिक्सचं अधिकृत प्रमाणपत्र मिळवणारी त्याची पहिली आवृत्ती २००७ सालची, आणि तिचं नाव होतं लेपर्ड. बिबट्याच्या तालुक्यात तिचं स्वागत कसं झालं असतं, देव जाणे. लॅपटॉपला बॅटरी असल्याने लाईटचा प्रश्न निम्मा सुटतो. पण मेजावरच्या मॅक मिनीची एक खोड आहे. ‘लिहून पक्कं कर’ ही युनिक्समधली नेहमीची आज्ञा दिली की मॅक ती डिस्ककडे सोपवून मोकळा होतो. डिस्कने आपल्या ओंजळीतलं खरोखर उतरवलं की नाही याची खात्री हवी तर वेगळी, अधिक कडक आज्ञा द्यावी लागते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे ठाऊक असलं तर ठीक. आणि मॅक बिघडला की पुणं गाठायचं, पाऊणशे किलोमीटर, वाटेत चाकणची कोंडी.

इथे विंडोजवर अन्याय नको. त्याची एनटीएफएसही कीर्द ठेवते, आणि अर्ध्या तासाचा बरा यूपीएस वरच्या बहुतेक चर्चेची हवा काढून घेतो. मग विंडोज सोडायचं कारण काय? एक तर सुरुवातीला सांगितलेलं: जुन्या यंत्रासाठी ते आता बंद झालंय. दुसरं कारण वहीच्या मालकीचं आहे. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा नियम आला. त्याने पट्टीचा सांगाडा बदलला. ज्याचा हिशोब एका बंद प्रोग्रामच्या पोटात होता त्याला तो प्रोग्राम विकणाऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागली. डेटा साध्या, उघड्या साच्यात असला की ओतूरमधला कुणीही पदवीधर तो वाचू शकतो.

याच मालकीचा एक मराठी पदरही आहे. जुन्या पट्ट्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात. पडद्यावर देवनागरी दिसते, पण पोटात रोमन अक्षरं असतात. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की शेतकऱ्याच्या नावाच्या जागी नुसता अक्षरांचा चिवडा. युनिकोडमध्ये ही भानगड नाही. त्यातही मराठीची खरी कसोटी ‘शेतकऱ्याचे’ आणि ‘व्यापाऱ्याचे’ या दोन शब्दांत लागते. तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र हिंदीला लागत नाही, म्हणून बेफिकीर सॉफ्टवेअर त्याचा रफार करून टाकतं आणि ‘शेतकर्‍या’चा कुणीतरी भलताच माणूस होतो. लिनक्सवर, अँड्रॉइडवर आणि क्रोममध्ये अक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ नावाचं एकच मोकळं सॉफ्टवेअर करतं, आणि ते ही पापणी नीट काढतं. फोनवर जशी दिसली तशीच पट्टी गाळ्यावर दिसते, हा फायदा लहान नाही.

हे सगळं फ्रीबीएसडीवरही मिळतं. मग झेडएफएसची इतकी तारीफ करून त्याला पहिला नंबर का नाही? कारण शेवटी प्रश्न माणसाचा येतो. गाळ्यावरचा कारकून एमएस-सीआयटी झालेला. म्हणजे त्याने खिडक्याच पाहिल्या आहेत. बसस्टँडजवळच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा विंडोज डोळे झाकून टाकतो, उबुंटू नेटवर बघत बघत टाकतो, आणि फ्रीबीएसडी म्हटलं की पुण्याचा नंबर देतो. जुन्या लॅपटॉपचं वाय-फाय फ्रीबीएसडीवर चालेलच याचीही खात्री नसते. प्रणाली कितीही गुणी असो, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी दहा किलोमीटरच्या आत तिला हात लावणारा कुणी नसेल तर ती गाळ्याच्या कामाची नाही. या एका कारणासाठी डेबियन किंवा उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती पुढे जाते. दोन्हींना निदान पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात आणि मधल्या काळात त्यांच्या अंगात फारसं काही येत नाही. गाळ्याला असंच कंटाळवाणं यंत्र हवं.

आता टर्मिनलवरच्या पोराकडे. त्याचा प्रश्न बापाच्या प्रश्नाहून सोपा आहे, फक्त त्याला तो अवघड वाटतो. सेबीने फेब्रुवारी २०२५ मध्ये किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो व्यवहारांसाठी नियम काढले. दलालाच्या एपीआयवरून आपोआप आदेश सोडायचे तर ते ठरलेल्या, न बदलणाऱ्या आयपी पत्त्यावरून यायला हवेत. सेकंदाला दहापर्यंत आदेशांना वेगळी नोंदणी नको. त्याहून जास्त असतील तर ती पद्धत एक्स्चेंजकडे नोंदवावी लागते. गावच्या ब्रॉडबँडवर आणि मोबाइलच्या नेटवर असा कायमचा पत्ता सहसा मिळत नाही. शेकडो घरं एकाच पत्त्याआड उभी असतात. उपाय म्हणजे मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये महिन्याच्या भाड्याने छोटा सर्व्हर घेणं. तो जवळजवळ नेहमी लिनक्सच असतो. म्हणजे त्याच्या घरच्या यंत्रावर काय आहे याला फारसं महत्त्व उरत नाही. मंचरची लाईट गेली तरी मुंबईतला प्रोग्राम चालू राहतो. आणि सेकंदाला दहा आदेश म्हणजे एका आदेशाला शंभर मिलिसेकंद. एवढ्या ऐसपैस जागेत कुठलंही युनिक्स आरामात पाय पसरून बसतं.

‘चालू राहतो’ याची दुसरी बाजूही त्याने पाहावी. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतली नाइट कॅपिटल ही कंपनी नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर चढवताना एक सर्व्हर विसरली. त्यावरच्या जुन्या कोडने पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर घालवले. यंत्रं एकदाही बंद पडली नाहीत. पडली असती तर कंपनी वाचली असती. सेबीच्याच २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांनी पैसे गमावले, सरासरी माणशी दोन लाखांच्या घरात. त्यांतल्या कुणाचेही ते कर्नलमुळे गेले नाहीत. चुलत्याच्या टोमॅटोचे पैसे ऑप्शनमध्ये घालणाऱ्याला डेबियन की फ्रीबीएसडी हा सल्ला देणं म्हणजे विहिरीत उडी मारणाऱ्याला कासोट्याचा रंग सुचवणं.

अडचणी आहेतच. टॅली विंडोजसाठीच बनतं. लिनक्सवर ते वाइन नावाच्या थरावर चालवणारे आहेत, पण सीए रिटर्नच्या दिवसांत अशा जुगाडाला हात लावत नाही. डिजिटल सहीच्या टोकनला लिनक्सवर ड्रायव्हर मिळतात, ते बसवताना मात्र दुपार जाते. ओडिनसारखी दलालांची जुनी टर्मिनलं विंडोजचीच. कमोडिटीचा व्यवहार करणाऱ्याला ती लागायची. पण डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे सेबीने थांबवले, आणि टोमॅटो-कांद्याचे तर इथे वायदेच नाहीत. शेअरचा व्यवहार आता ब्राउझरमध्येच होतो. त्यामुळे व्यवहारी घरात एक विंडोज ११ चं यंत्र हिशोबनिसापुरतं राहू द्यावं. त्याने कुणाचा धर्म बुडत नाही.

राहिलं ते गाळ्यावरचं जुनं यंत्र. हंगाम नसलेला दिवस निवडावा, जुनी वही दोन पेनड्राइव्हवर उतरवून त्यांतला एक घरी न्यावा, उबुंटू पेनड्राइव्हवरूनच चालू करून पाहावं. डिस्कला अजून हात लावू नये. वाय-फाय लागतंय का बघावं. मग कोपऱ्यातला तो करकरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडावा. मॅक आणि लिनक्स दोघंही छपाईसाठी कप्स हीच व्यवस्था वापरतात आणि तिला जुने प्रिंटर बऱ्यापैकी ओळखीचे असतात. एक खोटी पट्टी करावी, चाळीस क्रेट, भाव मनाला येईल तो, आणि वर ‘शेतकऱ्याचे नाव’ हे शब्द. कागद फाडून उजेडात धरावा आणि तो ऱ्या पाहावा. तो धड उमटला असेल तर उबुंटू डिस्कवर चढवावं, आणि मग यंत्राचा प्लग उपटून, पुन्हा लावून, दुसरी पट्टी काढावी.